अर्ध्या ओळीची समज

स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेत 'स्ट्राइड(फ्रॉम: 0,' एवढं लिहा आणि थांबा. स्वल्पविरामापुढे कर्सर लुकलुकतोय. इथे दोन नावं समोर यायला हवीत: 'टू' आणि 'थ्रू'. दोन-दोनच्या पावलांनी 10 कडे निघालं, तर 'टू' 8 वर थांबतं. 'थ्रू' 10 सुद्धा घेतं. नवशिक्याची अख्खी संध्याकाळ खाणारी चूक इथेच होते, म्हणून सूचनाही इथेच नेमकी हवी.

कंपायलर घडतो तो पूर्ण प्रोग्राम तपासण्यासाठी. इथे तर कंसही मिटलेला नाही. मग कर्सरच्या जागी एक खास टोकन ठेवायचं, त्याच नावाची सगळी फंक्शन्स प्रकारांशी ताडून पाहायची आणि जुळू शकणारं एकही घाईनं गाळायचं नाही. पहिल्याच उत्तरावर समाधान मानलं, की 'थ्रू' दिसतच नाही.

अपुऱ्या ओळीवर सूचना देण्याचं हे काम दुय्यम मानणं मला पटत नाही. कोड लिहिणारा दिवसभर अपुऱ्या ओळींतच वावरतो. स्विफ्टचा कंपायलर डिसेंबर 2015 पासून मुक्तस्रोत आहे. त्याचा कोड शेजारी उघडा ठेवा आणि चुकलेली सूचना दिसली, तर नुसतं चरफडू नका, तिची नोंद करा.