कुटाचा हिशेब

सुरतेतल्या मराठी घरांसाठी आपण जे आहारतक्ते लिहून देतो, त्यांत एक ओळ हमखास असते: सकाळी उठल्यावर 5 भिजवलेले बदाम. ही ओळ आता खोडायला हवी.

एक बदाम भरतो साधारण सव्वा ग्रॅम. पाचांचे झाले सहा ग्रॅम आणि त्यांतून प्रथिने मिळाली जेमतेम सव्वा ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत 2000 किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात सुकामेवा आणि तेलबिया मिळून 35 ग्रॅम धरले आहेत. उरलेले 29 ग्रॅम कुठून आणायचे, याबद्दल तक्ता गप्प. शिवाय बदाम भिजवून साल काढली की सालीतला तंतू आणि अँटिऑक्सिडंट कचऱ्यात जातात. महिनाअखेरीला बदामांसाठी दूध कमी घेणारी घरेही आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.

उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांतली बरीच मराठी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. घरातला कर्ता लूमवर बारा-बारा तासांची पाळी करतो, बाई घरबसल्या साड्यांना लेस-टिकल्या लावते. या घरांत बदाम नसतील, पण शेंगदाण्यांचा डबा असतोच. भरितात दाणे, भाजीत कूट, भाकरीबरोबर चटणी, उपासाला खिचडी. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने डाळींचा भाऊबंद, पण पोषणात बदामाच्या पंक्तीला बसणारा. 100 ग्रॅम दाण्यांत प्रथिने सुमारे 25 ग्रॅम, बदामात 21. ई जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांत बदाम पुढे, फोलेट आणि नायसिन यांत दाणे. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम दाण्यांतून साडेसात ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि तीही मजुरीत परवडणाऱ्या भावात.

मात्र त्याच मुठीत 170 किलोकॅलरीही आहेत, आणि आपण नेमके इथेच कमी पडतो. आहाराची नोंद घेताना भाकऱ्या किती, भात किती हे विचारतो. कूट विचारत नाही. दोन मोठे चमचे कूट म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, त्यांतले निम्मे तेलच. तेव्हा ज्या भाजीत कूट पडणार, तिच्या फोडणीचे तेल त्या प्रमाणात कमी करायला सांगावे. रात्रपाळीच्या चहाबरोबर खारी किंवा वेफर्स खाणाऱ्याला त्यांऐवजी भाजलेले दाणे आणि फुटाणे सुचवावेत. ‘ऐवजी’ हा शब्द तक्त्यावर ठळक लिहावा, नाहीतर दाणे नेहमीच्या खाण्यात वरून भर म्हणून पडतात आणि तीन महिन्यांनी वजन वाढलेले दिसते. भरूचची खारी शिंग आपल्याकडे गल्लोगल्ली मिळते. रक्तदाबाच्या रुग्णाला ती नको, बिनमिठाचे दाणे घरी भाजून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ज्वारीत लायसिन कमी आणि शेंगदाण्यातही कमीच. त्यामुळे भाकरी-चटणीवर भागवलेल्या जेवणात प्रथिनांची उणीव भरून निघत नाही. जोडीला वाटीभर डाळ, मठाची उसळ किंवा ताक हवेच.

सगळ्यात जास्त काळजी बुरशीची. सुरतेचा पावसाळा दमट, खोल्या लहान, डबा बहुधा ओट्याखाली. बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाव घालते आणि भाजल्याने पुरते नष्ट होत नाही. 1974 मध्ये पंचमहाल आणि शेजारच्या बांसवाड्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली होती. दाण्यांनाही हाच धोका आहे. म्हणून तयार कूट विकत घेऊ नका, असे स्पष्ट सांगावे. कुटात खराब दाणा ओळखू येत नाही. अख्खे दाणे थोडे-थोडे आणून ताटात पसरावेत, सुरकुतलेले, काळपट, हिरवट डाग पडलेले काढून टाकावेत आणि मगच भाजावेत. तोंडात कडू लागलेला दाणा गिळू नये, थुंकून टाकावा. हे बाईला तोंडी सांगून भागत नाही. ओपीडीत चांगले-वाईट दाणे दोन वाट्यांत शेजारी-शेजारी ठेवून दाखवावेत.

कोजागरीच्या मसाला दुधातले बदाम-पिस्ते आणि दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याची घारी यांविषयी रुग्ण विचारतीलच. घारीत बदाम-पिस्ते असतात हे खरे, पण मावा, साखर आणि वरचा तुपाचा थर त्यांच्यामुळे हलका होत नाही. सणाला एक छोटा तुकडा खावा. सुकामेव्याच्या हिशेबात तो धरू नये.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. त्यांना बारीक कूट किंवा मऊ लाडू द्यावा. दाण्यांची ॲलर्जी आहे का, मूत्रपिंडाचा विकार आहे का, हे तक्ता लिहिण्याआधीच विचारावे.

या महिन्यापासून आपल्या 24 तासांच्या आहारनोंदीत कूट, चटणी आणि सुटे दाणे यांसाठी वेगळा रकाना करा. दिवाळीपर्यंतच्या नोंदी, रुग्णांची नावे गाळून, आमच्याकडे पाठवा. डिसेंबरच्या अंकात त्यांवर सविस्तर चर्चा करू.