बास्केट भारी, पण जोडी जमली का?

डिसेंबर आला की कोलशेत रोडवरच्या टॉवर्समध्ये गिफ्ट बास्केटची ये-जा सुरू होते. वाइनची बाटली, शेजारी चीजचा तुकडा, वर सॅटिनचा बो. एकदम इन्स्टा-रेडी! पण हीच वाइन या चीजसोबत का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'अरे, इम्पोर्टेड आहे!'

माझा आक्षेप इथेच आहे. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के आयात शुल्क लागत आलंय. म्हणजे किमतीतला मोठा वाटा चवीचा नाही, कराचा असतो. शिवाय ठाण्यातून हायवे धरला की नाशिक येतंच. 'नाशिक व्हॅली वाइन'ला जीआय मानांकन आहे, मग लेबलसाठी युरोप कशाला?

चीजचंही तेच. मुंबईच्या एलेफ्थेरियाच्या ब्रुनोस्टला 2023 च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये 'सुपर गोल्ड' मिळालं. तेही नॉर्वेत, जिथलं हे चीज मूळचं आहे!

जोडी जमवणं तसं सोपं आहे. आंबटसर सोव्हिन्यों ब्लांसोबत शेळीच्या दुधाचं ताजं चीज द्या. शिराझसारख्या रेड वाइनला मुरलेलं चेडार झेपतं. लेट हार्वेस्ट म्हणजे गोड वाइन, तिच्यासोबत खारट ब्लू चीज. गोडाला खारट कसं चालेल, असं वाटतंय? पुरणपोळीसोबत तिखट कटाची आमटी आपण ओरपतोच की!

हॅम्परचा साइड बिझनेस करणाऱ्यांनो, एक लक्षात ठेवा. सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये घेतला होता, पण विरोधामुळे तो बारगळला. बास्केटमध्ये बाटली टाकून डीएमवर ऑर्डर घेणं म्हणजे विनापरवाना दारूविक्री. तुम्ही चीज, क्रॅकर्स, द्राक्षं विका. बाटली ज्याची त्याने परवानाधारक दुकानातून घ्यावी, तीही 21 पूर्ण असतील तरच.

आणि सगळ्यात आधी बघा, घेणारा पितो का? एखाद्या घरात ती बाटली म्हणजे गिफ्ट नाही, अडचण असते. कुणाच्या घरात व्यसनाने काय केलंय, हे बाहेरून दिसत नाही. चीज देतानाही शाकाहारी शेजाऱ्यांसाठी हिरवा ठिपका तपासा, कारण काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे घरच्या गोडधोडाचं ताट जातं. त्यात ब्रँड नसतो, तरी ते लक्षात राहतं. वाइनऐवजी द्राक्षाचा रस ठेवलात म्हणून बास्केट काही हलकी होत नाही. विचारून दिलीत तर उलट ती नक्की संपेल.