'घेणे' या क्रियापदाची हेळसांड

घाटकोपरच्या शिकवणी-वर्गांतून इंग्रजी वाक्प्रचारांची जी टिपणे वाटली जातात, त्यांवर आमचा आक्षेप आहे. 'टेक' हे क्रियापद घ्यावे, त्याखाली वीस-पंचवीस प्रयोग लिहावेत आणि समोर अर्थ मांडावेत, हा शिरस्ता. 'टेक टू टास्क' म्हणजे रागावणे. 'टेक टू हार्ट' म्हणजे वाईट वाटणे. 'टेक पेन्स' म्हणजे मेहनत करणे. अर्थ चुकीचे नाहीत, पण निर्जीव आहेत. मराठीत आपण एखाद्याला फैलावर घेतो, कुणाचे बोलणे मनावर घेतो, कष्टही घेतोच. तिन्ही ठिकाणी 'घेणे' हजर असताना ते विद्यार्थ्यापासून दडवायचे आणि नुसते पाठांतर करवायचे, याला अध्यापन कसे म्हणावे?

साम्य सर्वत्र नाही, हे मान्य. 'टेक प्लेस'मध्ये कोणी काही घेत नाही. 'टेक आफ्टर'साठी आपण 'आईच्या वळणावर जाणे' म्हणतो. पण हा फरकही तुलनेशिवाय कळत नाही. तो न कळल्यानेच आता मुले 'स्टेशनवरून रिक्षा घेतली' असे सर्रास म्हणतात. रिक्षा करतात; घेतली तर परवाना काढावा लागतो!

दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४२ ते १९४७ या काळात दोन भागांत निघाला. इंग्रजीच्या शिक्षकाने तो वर्गात उघडावा, एवढीच आमची मागणी आहे. परीक्षेत फक्त अर्थच विचारतात, हे त्यावरचे ठरलेले उत्तर आम्हांस ठाऊक आहे. प्रश्नपत्रिका काढणारेही शिक्षकच असतात.