सवलत थांबली तरी गाडी थांबू नये

जागतिक बँकेचा ‘डूइंग बिझनेस’ अहवाल निघायचा तेव्हा आपल्याकडे भारताच्या क्रमांकाची मोठी चर्चा व्हायची. 2020 च्या अहवालात आपण 63 व्या क्रमांकावर पोहोचलो. पुढे आकडेवारीतल्या अनियमितता उघड झाल्या आणि 2021 मध्ये बँकेने अहवालच बंद केला. मला त्यातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. भारतात धंदा करणं किती सोपं, हे त्यात फक्त मुंबई आणि दिल्लीवरून ठरवलं जायचं. सांगोल्यात धंदा करणं किती सोपं, हे कुणी विचारलंच नाही.

सांगोला हा माणदेशातला कायम दुष्काळी तालुका. कमी पाण्यावर, ठिबकवर येणाऱ्या डाळिंबाने इथे पैसा आणला. त्यासोबत नर्सरी आली, छाटणीच्या टोळ्या आल्या, पॅकिंग आणि वाहतूक आली. तोडणीच्या दिवशी बागेत उभं राहिलं की या धंद्याचा नाजूकपणा समजतो. कात्रीने देठ अगदी बारीक कापावा लागतो, कारण लांब राहिलेला देठ कॅरेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतो. सावलीत बसलेल्या बाया रंग आणि आकार पाहून फळं निवडतात, तेल्या रोगाचा ठिपका दिसला की फळ बाजूला काढतात. एवढी निगुती करूनही माल निघणार कधी, हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. ट्रक भरेल इतका माल नसेल तर दुसऱ्या कुणाच्या तोडणीची वाट पाहा, नाहीतर बांधावर आलेला व्यापारी म्हणेल तो दर घ्या.

हीच अडचण किसान रेल्वेने काही काळ सोडवली होती. देशातली पहिली किसान रेल्वे 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला गेली आणि त्याच महिन्यात सांगोल्याहून तिला जोडगाडी मिळाली. 28 डिसेंबर 2020 रोजी शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला रवाना झाली. भाड्यात निम्मी सवलत होती. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, मालाला किमान वजनाची मर्यादा नव्हती. डाळिंबाचं तीन किलोचं पार्सलही या गाडीने गेल्याचं पंतप्रधानांनी त्या दिवशी सांगितलं होतं. चार कॅरेटवाल्यालाही दूरची बाजारपेठ खुली झाली होती.

देशभर या गाड्यांच्या सुमारे 2,350 फेऱ्या झाल्या. 31 मार्च 2022 नंतर ही निम्मी सवलत थांबली आणि गाड्याही जवळपास थांबल्या. रेल्वेची बाजू अगदीच खोटी नाही. रिकामे डबे ओढणं परवडत नाही, आणि 2021-22 च्या सुमारास खोडकिडीने सांगोल्यातल्या कितीतरी बागा उपटायला लावल्या, त्यामुळे मालही घटला. पण यावर उपाय गाडी लहान करण्याचा होता. भाडं किती आकारायचं हा तिजोरीचा प्रश्न आहे. ठरल्या दिवशी डबा लागेल का, हा धंद्याचा प्रश्न आहे. आपण दोन्ही एकाच निर्णयाला बांधले आणि अनुदानाची मुदत संपताच सेवाही गुंडाळली.

प्रक्रिया उद्योगातही दोन गोष्टी एकमेकींना बांधण्याची हीच रीत दिसते. ठिपका पडलेल्या डाळिंबाचे दाणे बहुतेकदा आतून चांगले असतात. रस, अनारदाणा करून त्यातून बचत गटाला उभं राहता येईल. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांचं अनुदान आहे, पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं आहे. ज्या बाईच्या नावावर ना जमीन ना घर, तिला कर्ज मिळतानाच दम लागतो. अनुदानाचा आकडा जाहिरातीत येतो, बँकेत घालवावे लागणारे दिवस कुठेच येत नाहीत.

सरकारने गावच्या धंद्याला पैसा देऊच नये, असं माझं म्हणणं नाही. दुष्काळी तालुक्याला मदत लागतेच. मात्र मोठा व्यापारी अनिश्चितता पचवतो. त्याच्याकडे गोदाम असतं, चार बाजारांतले फोन असतात. छोट्याचा नाशवंत माल एक दिवस अडला की सगळं उत्पन्न हातचं जातं. म्हणून त्याला सवलतीच्याही आधी खात्री हवी.

मागणी साधी आहे. पूर्ण गाडी परवडत नसेल तर आठवड्यातले ठरावीक दिवस नेहमीच्या गाड्यांना मालाचा एक डबा सांगोल्याहून जोडा. वजनाची अट घालू नका. शेतकरी उत्पादक कंपन्यांना आगाऊ नोंदणी करू द्या, म्हणजे डबा रिकामा जाणार नाही. आणि हे वेळापत्रक बहार धरण्यासाठी बागेचं पाणी तोडून तिला ताण द्यायच्या आधी जाहीर करा. कोणता बहार धरायचा, हा शेतकऱ्याचा वर्षातला सर्वांत मोठा व्यावसायिक निर्णय असतो. तो घेताना माल कोणत्या गाडीने जाणार हे त्याला माहीत असलंच पाहिजे.