वर्धापनदिनाचा सोहळा आणि कामगाराचा रविवार

कारखान्याच्या किंवा कचेरीच्या सूचनाफलकावर वर्धापनदिनाची सूचना लागली, की व्यवस्थापनाला एकाएकी लोकशाहीची आठवण होते. वेतनवाढ, पाळ्यांची रचना, एका यंत्रावर किती माणसे असावीत, यांपैकी कशाविषयीही ज्या कामगाराचे मत वर्षभर विचारले जात नाही, त्याला आता जेवणात बासुंदी असावी की गुलाबजाम, असे आदराने विचारले जाते. सोहळा समिती नेमली जाते. प्रत्येक खात्याचा एकेक प्रतिनिधी तीत घेतला जातो. बैठका होतात, प्रसंगी हात वर करून मतेही घेतली जातात. गोड पदार्थापुरता का होईना, कामगाराला मताधिकार मिळतो. आणि सूचनेच्या अखेरीस एक ओळ असते: कार्यक्रम रविवारी आहे, सर्वांची उपस्थिती अपेक्षित आहे.

साऱ्या सोहळ्याचे मर्म या शेवटच्या ओळीत आहे. बासुंदी मताला टाकता येते, रविवार मात्र मताला टाकला जात नाही. कारण रविवारी यंत्रे बंदच असतात, उत्पादनाचा एक तासही बुडत नाही. सोहळा कंपनीचा आणि दिवस कामगाराचा, असा हा सौदा आहे. 'अपेक्षित' या सौम्य शब्दाचा अर्थ प्रत्येक कामगार जाणतो. दाराशी नोंद होते. जो आला नाही त्याला सोमवारी कोणी शिक्षा करीत नाही, पण साहेबाच्या लक्षात राहते. त्या दिवसाचे ना जादा वेतन मिळते, ना बदली रजा.

हा रविवार कोणा मालकाने खुशीने दिलेला नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने १८८४ साली ज्या मागण्या पुढे केल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी होती. ती पदरात पडायला सहा वर्षे लागली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत हजारो गिरणी कामगारांची सभा भरली. त्या सभेत कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज ज्या स्त्रीला आठवड्याचे धुणे, दळण, मुलांचा अभ्यास आणि स्वतःची पाठदुखी हे सारे याच एका दिवसात उरकायचे असते, तिला ठरवून दिलेल्या रंगाची साडी नेसून टाळ्या वाजवायला बोलावणे याला आनंद म्हणायचे असेल, तर वेठ कशाला म्हणायचे?

व्यवस्थापनाचे यावर उत्तर ठरलेले असते. कंपनी आपल्या पदरचे खर्च करून माणसांना जेवू घालते, वर भेटवस्तू देते. त्यातही दोष काढणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर बोनसच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी कामगारांना बोनस देण्यास आरंभ केला आणि १९२३ साली नफा घटल्याचे कारण सांगून तो बंद केला. १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने निर्णय दिला, की रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कामगारांचा बोनसवर कोणताही हक्क सिद्ध होत नाही. म्हणजे मालकाची मर्जी असेल तोवर देणगी, मर्जी फिरली की काही नाही.

ही देणगी हक्कात बदलण्यास चार दशकांचा लढा लागला. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. किमान बोनस आधी चार टक्के आणि १९७२ पासून ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिन्यांच्या कामाला तेरावा पगार, असा ठरला. आणीबाणीत १९७५ साली वटहुकमाने ही किमान हमी काढून घेण्यात आली. १९७७ साली आणीबाणी गेल्यावर ती परत मिळाली. १९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संपाच्या मागण्यांतही बोनस होता, आणि त्या संपात हजारो कुटुंबांनी तुरुंग व बडतर्फी सोसली. पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही ८.३३ टक्क्यांची ही किमान मर्यादा ठेवावी लागली. ज्या वर्गाने बक्षिसाचे रूपांतर हक्कात करण्यासाठी एवढी किंमत मोजली, त्याच्या हाती आज पुन्हा बक्षीस ठेवले जात आहे. कराराची बोलणी वर्षानुवर्षे लांबतात आणि मिठाईचा डबा मात्र वेळेवर येतो. डबा वाईट नाही. पण डब्यासाठी कामगाराला दावा लावता येत नाही, हेच मालकाला त्यात आवडते.

आता सोहळ्याच्या मांडवात शिरून पाहावे. खुर्च्या कोण मांडतो? पहाटेपासून मैदान कोण झाडतो? जेवणानंतर उष्टी ताटे कोण उचलतो आणि रात्री स्वच्छतागृहे कोण धुतो? तो कंत्राटदाराचा माणूस असतो. दहा-दहा वर्षे त्याच आवारात राबूनही निमंत्रितांच्या यादीत त्याचे नाव नसते, कारण तो कंपनीचा नव्हे. भेटवस्तूंच्या ढिगावर राखण करायला त्याला उभे करतात, त्यातली एक मात्र त्याला मिळत नाही. १९७० साली कंत्राटी कामगारांविषयी कायदा झाला तेव्हा त्याच्या नावातच 'नियमन' आणि 'निर्मूलन' असे दोन शब्द होते. अर्धशतकानंतर निर्मूलन पद्धतीचे झाले नाही, निमंत्रणपत्रिकेवरील नावाचे झाले.

हिशेबाच्या वह्या याहून निर्दय असतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ताळेबंदासोबत जे नफा-तोट्याचे पत्रक द्यावे लागते, त्यात कर्मचाऱ्यांवरील खर्चाच्या सदरात 'कर्मचारी कल्याण' अशी एक बाब असते. मांडव, जेवण, वाद्यवृंद यांचा खर्च तेथे बसतो. कंत्राटदाराला दिलेली रक्कम मात्र साधारणतः 'इतर खर्चा'त, दुरुस्ती आणि वीजबिलाच्या शेजारी जाऊन पडते. म्हणजे वर्धापनदिनाचा केक कर्मचाऱ्यांच्या सदरात आणि तो सांडल्यावर फरशी पुसणारा माणूस इतर खर्चात! कंपनी म्हणजे एक परिवार आहे, असे त्याच रात्री व्यासपीठावरून सांगितले जाते. ज्या परिवारात काही मुले कंत्राटाने ठेवलेली असतात आणि पंगत उठल्यावरच त्यांना जेवायला मिळते, तो परिवार नव्हे. तो जुना वाडा आहे, फक्त त्याला आता विजेची रोषणाई केलेली आहे.

सोहळा शहराबाहेरच्या विश्रामगृहात असला, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. स्त्री कर्मचाऱ्यांनी उशिरापर्यंत थांबावे, वरिष्ठांच्या आग्रहाखातर नाचावे, आणि नकार दिला तर 'मिसळत नाही' असा शेरा घ्यावा, हे प्रकार 'मौज' या नावाखाली खपवले जातात. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने कामाच्या निमित्ताने जेथे जावे लागते ते ठिकाण आणि मालकाने पुरविलेले वाहन, दोन्ही कामाच्या जागेच्या व्याख्येत आणले आहेत. तेव्हा मांडवातही कायदा हजर असतो. सोहळा समितीत सजावटीची जबाबदारी स्त्रियांकडे हटकून दिली जाते. रात्री परतीच्या वाहनाची जबाबदारी कोणाची, हे मात्र ठरलेले नसते.

या टीकेवर डाव्या मंडळींना आनंदाचे वावडे आहे, असा आरोप होईल. तो खोटा आहे. गिरणगावाने जेवढे उत्सव केले तेवढे कोणत्याही मालकाने केले नसतील. कामगारांची भजनी मंडळे होती, नाटके होती, कलापथके होती. खंडेनवमीला कामगार आपले यंत्र स्वतः पुसून त्याला झेंडूची माळ घालीत. १ मे चा दिवस तर जगभरच्या श्रमिकांनी स्वतःच घडविला. या उत्सवांत कामगार यजमान होता. कंपनीच्या सोहळ्यात तो पाहुणाही नसतो, तो केवळ गर्दी असतो. मालकाच्या भाषणासाठी आणि स्मरणिकेतील छायाचित्रासाठी ती गर्दी लागते.

म्हणून बहिष्कार हा यावरचा मार्ग नव्हे. वर्षातून एकदा मुलाबाळांसह चार घास गोडाचे खाण्याची संधी कामगाराने का सोडावी? मार्ग हा, की सोहळ्याच्या अटी संघटनेने ठरवाव्यात. सोहळा कामाच्या दिवशी, भरपगारी वेळात व्हावा. रविवारी ठेवायचाच असेल तर बदली रजा लेखी मिळावी. उपस्थिती ऐच्छिक असावी आणि कोणाकडूनही वर्गणी कापली जाऊ नये. कंत्राटी, हंगामी आणि शिकाऊ कामगारांना तेच निमंत्रण, तीच पंगत, तीच भेट मिळावी. परतीच्या वाहनाची जबाबदारी व्यवस्थापनाने नावानिशी स्वीकारावी. आणि प्रलंबित कराराची तारीख जाहीर झाल्याशिवाय व्यासपीठावर संघटनेच्या कोणीही जाऊ नये.

ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे, आणि ती मालकामुळे अवघड नाही. पहिल्या रांगेत राखून ठेवलेली खुर्ची, खांद्यावरची शाल आणि हातातला नारळ यांचा मोह अनेक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना सुटलेला नाही. मालकाच्या हातून शाल घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच्याच समोर बसून कंत्राटी कामगाराच्या कायमपणाविषयी कोणत्या आवाजात बोलणार? ज्या कार्यकर्त्याला आपल्या कारखान्यात काय चालले आहे हे जाणून घ्यायचे असेल, त्याने पुढच्या वर्धापनदिनी व्यासपीठाकडे पाहू नये. त्याने मांडवाच्या मागे जावे, जेथे ताटे विसळली जातात. तेथे उभ्या असलेल्या माणसाला सन्मानाने पंगतीत आणून बसविता आले, तर तो सोहळा कामगारांचा झाला. नाही तर रविवारही गेला आणि बासुंदीही मालकाचीच ठरली.