‘माझी मैना’ नेमकी कोण? गिरणगावातली एक छक्कड आणि तिचे चार अर्थ

1 ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती आली की राज्यभर एक छक्कड हमखास ऐकू येते, ती म्हणजे ‘माझी मैना’. शाहीर अमर शेख यांनी ती सभा गाजवत गायली, नंतर विठ्ठल उमपांच्या आवाजात ती घराघरात पोहोचली. बहुतेकांना ती विरहाचं गाणं म्हणून माहीत आहे. सीमाप्रश्न तापला की हीच छक्कड राजकीय सभेतही वाजते.

मग ही मैना कोण? बायको, गाव की बेळगाव? आणि एका गाण्याचा अर्थ कोण ठरवतं?

शिवडीतून पाहिलं तर काय दिसतं?

शिवडीच्या एका बाजूला बंदर आणि कापसाची गोदामं, दुसऱ्या बाजूला गिरण्या. इथली स्वान मिल असो वा परळ-लालबागच्या गिरण्या, कामगार यायचा तो कोकणातून नाहीतर घाटावरून. बहुतेक वेळा एकटाच. एका खोलीत अनेक जण, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळीत. 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींमध्ये अशा खोल्यांतून पिढ्या गेल्या. बायको, मुलं, म्हातारे आईवडील गावी. गणपती-शिमग्याला जाणं आणि मनीऑर्डर, एवढाच काय तो संसार.

1920 साली सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात जन्मलेले अण्णाभाऊ याच वाटेने मुंबईत आले. त्यांनी मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा बाज तोच ठेवला, पण आत कामगाराचं दुखणं भरलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत याच बाजातून ‘माझी मैना’ लोकांसमोर आली.

पहिले तीन अर्थ

पहिला अर्थ सरळ आहे. नवरा पोटासाठी मुंबईला निघतो, बायको गावी राहते. लावणीत विरह जुनाच आहे. पण जुन्या लावणीत बहुतेकदा स्त्री झुरते, इथे पुरुष झुरतो. हा बदल छोटा नाही.

दुसरा अर्थ वर्गाचा. ही ताटातूट दैवाने किंवा सासूने केलेली नाही, ती गरिबीने केली आहे. पुढे मुंबईचं वर्णन येतं, तेही पैसेवाले आणि काळाबाजारवाले यांच्या शहराचं. अण्णाभाऊंच्या ‘मुंबईची लावणी’चा सूरही हाच. पठ्ठे बापूरावांनी लावणीत मुंबईचा दिमाख रंगवला होता. अण्णाभाऊंनी त्याच प्रकारात मलबार हिल आणि परळ समोरासमोर उभे केले.

तिसरा अर्थ शेवटी उलगडतो. मैनेची भेट होत नाही, तशीच गत तुटलेल्या महाराष्ट्राची झाली आहे, असं शाहीर सांगतो आणि बेळगाव, कारवार, निपाणी ही नावं येतात. तोवर आपलं दुःख ऐकतोय असं वाटणारा कामगार एकदम एका राजकीय मागणीचा भाग होतो. सभेतल्या भाषणाने जे सहज साधत नाही, ते इथे साधतं. कारण आधी घर आलं, नंतर नकाशा.

चौथा अर्थ: मैना काय म्हणते?

लोकसाहित्याच्या स्त्रीवादी वाचनाने इथे एक अडचणीचा प्रश्न विचारता येतो. मैना दिसते ती नवऱ्याच्या डोळ्यांनी. भूमी म्हणजे स्त्री, हे रूपकही जुनंच. मग गावी राहिलेल्या बाईचं म्हणणं कुठे आहे?

ते जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या गावोगावी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. भाऊ, माहेर, सासुरवास, राबणं आणि एकटेपण हे सगळं त्यात बाईच्या तोंडून येतं. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीतल्या 98व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या तारा भवाळकर यांचा मोठा अभ्यास याच बायकांच्या मौखिक परंपरेवर आहे. ‘माझी मैना’ आणि ओव्या शेजारी ठेवल्या की एकाच स्थलांतराच्या दोन बाजू दिसतात.

बल्गेरियात याच प्रश्नावरून काय झालं?

गाणं आणि सीमा यांचं नातं किती गुंतागुंतीचं होऊ शकतं, याचं ठळक उदाहरण बाल्कन प्रदेशात आहे. दिमितर आणि कॉन्स्टँटिन मिलादिनोव या भावांनी 1861 मध्ये झाग्रेबमधून ‘बल्गेरियन लोकगीते’ हा संग्रह छापला. त्यात 600हून अधिक गाणी होती. पुढच्याच वर्षी दोघे ऑटोमन तुरुंगात मरण पावले.

हे भाऊ स्त्रुगा गावचे. आज ते गाव उत्तर मॅसिडोनियात आहे. बल्गेरिया म्हणतो, पुस्तकाच्या नावातच उत्तर आहे. मॅसिडोनियाचे अभ्यासक म्हणतात, यातली बरीच गाणी आमच्या बोलीतली आहेत आणि तेव्हाच्या नावाला आजचा अर्थ लावू नका. हा वाद विद्यापीठापुरता राहिला नाही. भाषा आणि इतिहासाच्या मुद्द्यावरून बल्गेरियाने 2020 मध्ये उत्तर मॅसिडोनियाची युरोपीय संघाशी सदस्यत्वाची बोलणी अडवली. 2022 मध्ये तडजोड निघाली, पण बल्गेरियन समुदायाचा राज्यघटनेत उल्लेख करण्याच्या अटीवर गाडी पुन्हा अडली.

कॉन्स्टँटिनची सर्वांत गाजलेली कविता मात्र सीमेची नाही. मॉस्कोत शिकताना दक्षिणेतल्या घराच्या आठवणीने लिहिलेली ती कविता आहे. तिथेही आधी घर, नकाशा नंतर.

आपल्यासाठी धडा काय?

महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो तिथल्या मराठी माणसांच्या आजच्या हक्कांचा प्रश्न आहे आणि त्याच पायावर तो लढला जातो. लोकपरंपरा मात्र सातबाऱ्यासारखी वापरता येत नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्री विठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये पंढरपूरच्या दैवताचे कर्नाटकाशी आणि दक्षिणेशी असलेले धागे उलगडून दाखवले. त्याने विठ्ठल कमी मराठी झाला नाही. खंडोबा-मैलार आणि यल्लमा यांचे भक्त आजही दोन्ही भाषांत गातात.

म्हणून ‘माझी मैना’चा एकच अर्थ खरा, हा हट्ट गाण्याला लहान करतो. सीमेचा अर्थ काढून टाकला तर ते नुसतं प्रेमगीत उरतं. कामगाराचा अर्थ काढला तर नुसती घोषणा.

आणि शिवडीपुरतं बोलायचं तर हा दुसरा अर्थच आज जास्त बोचरा आहे. 1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या. 2025 मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात उतरले, ते शेलू-वांगणीतली घरं नकोत, मुंबईतच द्या, या मागणीसाठी. शिवडीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास जमीन बंदर प्राधिकरणाची असल्याने वरळी-नायगावच्या मागे पडला. त्याच शिवडीतून 2024 मध्ये अटल सेतू मात्र सुरू झाला.

छक्कडीतला कामगार मैनेला गावी ठेवून मुंबईत आला होता. त्याची नातवंडं मुंबईतून बाहेर पडायची वेळ येऊ नये म्हणून भांडत आहेत. ताटातूट तीच आहे, फक्त दिशा उलटी झाली आहे.