विराटाचा फांसा

विराटपर्वांतील तो प्रसंग वाचकांच्या परिचयाचा असेलच. उत्तरानें गाई सोडविल्या, ही वार्ता येतांच विराटराजा कंकाबरोबर द्यूत खेळावयास बसला व पुत्राची स्तुति करूं लागला. कंक मात्र म्हणाला, बृहन्नडा सारथि असतां विजय व्हावयाचाच. एका षंढाला आपल्या पुत्राच्या पंक्तीस बसविलें, म्हणून राजानें हातांतला फांसा कंकाच्या तोंडावर फेंकून मारला. नाकांतून आलेलें रक्त भुईवर पडूं नये म्हणून युधिष्ठिरानें तें ओंजळींत धरलें. हा भाग मीं शाळेंत कितीदां तरी शिकविला. माझें सारें लक्ष युधिष्ठिराच्या क्षमेकडे असे. राजा चिडला तो कशाला, इकडे तें कधीं गेलें नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत जुन्नरला आमच्या घरीं नातवंडें जमलीं होतीं. थोरला नातू माडीवर मोबाइलवर बीजीएमआय हा खेळ खेळत होता. शंभर खेळाडू विमानांतून एका बेटावर उतरतात आणि चौघांची एकेक तुकडी परस्परांशीं बोलत लढते. चौघे एकमेकांस ओळखतातच असें नाहीं. त्या दिवशीं चौथ्याचा आवाज नाजूक होता. तो बोलूं लागतांच दोघांनीं "छक्का, छक्का" असा गिल्ला केला. थोड्या वेळानें तो मुलगा खेळ सोडून गेला.

"तूं कां रे गप्प बसलास?"

"आजोबा, तिथं सगळे असंच बोलतात. मी मधे पडलो असतो तर मलाही तेच म्हणाले असते."

मी रागें भरणार होतों, पण भरूं शकलों नाहीं. तीस वर्षांपूर्वीं आंबेगांव तालुक्यांतील एका शाळेंत माझ्या वर्गांत असाच एक हळुवार मुलगा होता. मुलें त्याला 'बायल्या' म्हणत. मीं एकदांही कोणाचा कान धरला नाहीं. एके दिवशीं तर मीही हंसलों. दहावीच्या आधींच त्यानें शाळा सोडली.

कायदा पुढें गेला आहे. सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ रोजीं तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरविण्याचा हक्क दिला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. खेळांच्या कंपन्यांनींही शब्दांवर पहारे बसविले. पण त्यांतली गंमत पाहा. अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनियांत फोर्ट गे नांवाचें गांव आहे. २०१० सालीं तेथील एका खेळाडूनें एक्सबॉक्स लाइव्हवर आपल्या गांवाचें नांव लिहिलें, तर अपशब्द समजून त्याचें खातेंच बंद झालें! मायक्रोसॉफ्टनें मागाहून क्षमा मागितली. त्याआधीं २००६ सालीं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळांत समलिंगी खेळाडूंचें स्वागत करणारें मंडळ एका बाईनें जाहीर केलें, तेव्हां तंबी मिळाली ती तिलाच. ब्लिझर्ड कंपनीनें ती पुढें मागें घेतली.

आपल्याकडे तरी निराळें काय? नारायणगांवास पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गांवोगांवचे पंच जत्रेसाठीं फड ठरवावयास येतात. रात्रीं नाच्याला शिट्या देणारेच सकाळीं 'नाच्या' हा शब्द शिवीसारखा वापरतात.

नातवाला बृहन्नडेची गोष्ट पुन्हां सांगितली. दुसऱ्या दिवशीं त्यानें त्या दोघांविरुद्ध खेळांतल्या सोयीनें तक्रार नोंदविली. तो चौथा मुलगा कोण, कोठला, हें त्याला ठाऊक नाहीं. माझा विद्यार्थी मात्र मंचरला दुकान चालवितो, हें मला ठाऊक आहे. त्याला पत्र लिहावयास घेतलें आहे. मायना अजून जमलेला नाहीं.